समुपदेशनातला उपदेश

पत्र (थोडं संक्षिप्त करून):

डॉक्टरबाई, मी सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात एका उपकेंद्रावर सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आहे. बी.एस्सी. नर्सिंग करून इथे आले, त्याला तीन वर्षं होतील. बीपी आणि शुगरचे मिळून दोनशेच्या वर पेशंट माझ्या यादीत आहेत. प्रत्येकाला दर महिन्याला जीव तोडून सांगते, मीठ कमी करा, मिश्री सोडा, चाला, गोळ्या चुकवू नका. सगळे ‘व्हय मॅडम’ म्हणतात. पुढच्या महिन्यात बीपी तेवढाच. एक बापू आहेत, शुगर 280. दरवर्षी पायी वारी करतात, पण एरवी घरापासून एसटी स्टँडपर्यंतसुद्धा नातवाच्या गाडीवर बसून जातात. एक काका बीपी नॉर्मल आला की गोळ्या बंद करतात. आणि एक आत्या आहेत, साठीच्या. बीपी आहे आणि दिवसातून सहा-सात वेळा मिश्री लावतात. मागच्या महिन्यात सगळ्यांसमोर त्यांना जरा जोरातच बोलले. तेव्हापासून त्या येतच नाहीत. उपकेंद्र टाळून मागच्या वाटेने जातात, गोळ्या आशाताईंकडून मागवतात. सून म्हणाली, “मॅडम रागावत्यात म्हून येत न्हाईत.” मला वाईट वाटलं आणि खरं सांगायचं तर रागही आला. मी चुकतेय कुठे? की या लोकांना बदलायचंच नाहीये?
– नाव छापू नये

उत्तर:

मॅडम, गावात तुम्हाला याच नावाने ओळखतात, म्हणून मीही तेच म्हणते.

तुमच्या रजिस्टरमध्ये ‘समुपदेशन केले’ असा एक रकाना असणारच. तो शब्द एकदा सावकाश वाचा. सम्-उपदेशन. आपल्या भाषेने त्या शब्दाच्या पोटात ‘उपदेश’ बसवून ठेवला आहे आणि आपण सगळे, डॉक्टर, नर्स, आहारतज्ज्ञ, इमानेइतबारे तोच करत आलो आहोत. पेशंटला माहिती नाही म्हणून तो चुकीचं वागतो, माहिती दिली की सुधारेल, हे आपण गृहीत धरलेलं असतं. आत्यांना काय मिश्री वाईट आहे हे ठाऊक नाही? पुडीवर चित्र आहे, टीव्हीवर जाहिरात आहे, सून सांगते, नातू सांगतो. त्यात तुमचा आवाज आठवा किंवा दहावा.

तुम्ही आवाज चढवलात म्हणून मी तुम्हाला बोलणार नाही. तो अधिकार मला नाही. ऐका का ते.

नोकरीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी मी एका ग्रामीण रुग्णालयात होते. बाजारात पोती वाहणारा एक माणूस खोकला घेऊन आला. दिवसाला दोन बंडल विडी. मी एक्स-रे खिडकीशी धरला, बोटाने दाखवला आणि म्हणाले, “असंच चाललं तर दोन वर्षंसुद्धा काढणार नाही तुम्ही.” तो काही बोलला नाही. माझी समजूत झाली की बोलणं लागलं. तो परत आला नाही. तीन-चार महिन्यांनी त्याची बायको बाजारात भेटली. विडी सुटली का, म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, “बाई, तुमीच म्हनलासा दोनच वर्सं राह्यलीत. ते म्हनत्यात, मग आता कशाला सोडू?”

हा हिशोब मी आजवर विसरलेले नाही. त्याच्या जागी बसून पाहिलं तर चुकीचाही नाही.

तेव्हा मला माहीत नव्हतं, पण साधारण त्याच काळात, 1983 साली, विल्यम मिलर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने दारू सोडवण्याच्या कामातून एक वेगळी गोष्ट मांडली. तिकडे त्या वेळी व्यसनी माणसाला खडसावून, त्याचा ‘नकार’ मोडून काढायचा रिवाज होता. मिलरचं म्हणणं असं, की बदलण्याबद्दल माणसाच्या मनात आधीपासूनच दोन्ही बाजू असतात. सोडावंसं वाटतं आणि सोडवतही नाही. डॉक्टरने तावातावाने ‘सोड’ची बाजू घेतली, की पेशंटकडे बोलायला उरते ती फक्त दुसरी बाजू. तो ती बोलतो आणि स्वतःच्याच तोंडून ऐकून आणखी पक्की करतो. या पद्धतीला त्याने ‘मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग’ असं भारदस्त नाव दिलं, आणि पुढे स्टीफन रॉलनिक त्याच्या जोडीला आला. नाव विसरलात तरी चालेल. लक्षात ठेवायचं ते हे, की बदलाची बाजू तुम्ही मांडायची नाही. ती पेशंटच्या तोंडून यायला हवी. तुम्ही फक्त तिला वाट करून द्यायची.

तुमच्या ‘व्हय मॅडम’चं कोडं इथेच सुटतं. आपल्याकडे शिकलेल्या, पांढऱ्या कोटातल्या माणसाशी कुणी वाद घालत नाही. ते मर्यादेला धरून नसतं. म्हणून दुसरी बाजू तोंडाने येत नाही, पायाने येते. माणूस मागच्या वाटेने जातो.

आता मिश्रीकडे येते. तुमचं पत्र सगळं मिश्रीभोवतीच फिरतंय असं मला वाटलं.

2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूर काढणारे प्रौढ 3.8 टक्के निघाले आणि धूर न काढता तंबाखू घेणारे 24.4 टक्के. म्हणजे आपला प्रश्न बिडी-सिगारेटचा कमी आणि मळलेल्या, चघळलेल्या, दाताला लावलेल्या तंबाखूचा जास्त. त्यातही मिश्री ही बायकांची. तव्यावर तंबाखू काळी होईस्तो भाजायची, चुरायची, डबीत भरायची. आणि लावायची कधी? पहाटे चूल पेटवण्याआधी उंबऱ्यावर बसून. दुपारी भांडी झाल्यावर. रानातून आल्यावर. माझी आजी लावायची. ती मिश्री लावत असली की तिला कुणी हाक मारत नसे, आजोबासुद्धा. बोलता येत नाही ना, तोंडात बोट असतं! दिवसभरात तिला ‘ए, पाणी दे’ न म्हणणारी तेवढीच दहा मिनिटं. लहानपणी मला त्या वासाची किळस यायची. त्या बाईने दिवसातून सहा वेळा स्वतःसाठी दहा-दहा मिनिटं चोरून ठेवली होती, हे फार उशिरा लक्षात आलं.

म्हणून आत्यांना ‘मिश्री का सोडत नाही?’ असं विचारू नका. त्या ‘का’ला उत्तर म्हणून सबबच मिळते. उलट विचारा, “आत्या, मिश्रीनं बरं काय वाटतं?” पहिल्यांदा त्या तुमच्याकडे संशयाने बघतील. मग सांगायला लागतील. संवाद साधारण असा होतो (असे मी शेकड्याने ऐकले आहेत):

“लावल्याबिगर पोट साफ व्हत न्हाई बघा.”

“बरं. आणखी?”

“डोस्कं हलकं वाटतं. जरा इसावा मिळतो. आन सवंच लागली की.”

“किती वर्षांची सवय?”

“लगीन झालं तवापासनं. सासू लावायची.”

“आणि मिश्रीचं न आवडणारं काही आहे का?”

इथे थांबायचं. मनातल्या मनात दहा आकडे मोजा, पण बोलू नका. ही जागा भरून काढायला आपली जीभ वळवळते. बहुतेक वेळा उत्तर येतं, आणि ते कॅन्सरचं नसतं. “नातू म्हनतो, आजी वास येतो, जवळ घेऊ नगं.” किंवा, “दात हालाय लागलं, भाकरी चावत न्हाई.” किंवा पैशाचं काही. ते जे काही येईल ते त्यांचं स्वतःचं कारण. तुमच्या दहा कारणांपेक्षा ते जड. तुम्ही फक्त तेच वाक्य त्यांच्या पुढ्यात परत ठेवा, “नातू जवळ येत नाही म्हणताय.” आणि पुन्हा गप्प बसा.

यातून त्या दिवशी मिश्री सुटणार नाही. त्या म्हणाल्या, ‘दुपारची एक कमी करून बघते’, तर तेवढंच धरा. कुठली कमी करायची तेही त्यांनाच ठरवू द्या. पहाटेची सगळ्यात अवघड असते, तिच्या वाट्याला आधी जायचं नाही. पूर्ण सोडायला तयार झाल्याच, तर पुढे काय होईल ते आधी सांगून ठेवा. पहिले तीन-चार दिवस डोकं दुखेल, चिडचिड होईल, पोट साफ होणार नाही, आणि दोन ते चार आठवड्यांत हे ओसरत जाईल. हे आधी ठाऊक नसलं तर तिसऱ्या दिवशी ‘मला मिश्री सोडणं मानवलं न्हाई’ असा निष्कर्ष निघतो आणि तो गावभर होतो. पोटासाठी कोमट पाणी, पालेभाजी, गरज पडली तर इसबगोल. हा साधा बंदोबस्त नसेल तर बाकीचं सगळं समुपदेशन वाया जातं. निकोटिनच्या गमबद्दल तुमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारा, पण हलणाऱ्या दातांच्या म्हातारीला गम चावता येत नाही हेही ध्यानात असू द्या. पुडीवर छापलेला 1800-11-2356 हा नंबर खराच लागतो, फुकट आहे, पलीकडे माणूस बोलतो. सुनेच्या फोनवरून एकदा लावून द्या.

आणि एक बारकी गोष्ट. उपकेंद्रात येण्याआधी आत्या मिश्री लावून येत असतील, तर निकोटिनने बीपी तेवढ्यापुरता चढलेला असतो. निदान अर्धा तास बसवून मगच मोजा. तुम्ही ज्या आकड्यावरून रागावलात, त्यातले चार-सहा पॉइंट दारातल्या मिश्रीचे असू शकतात, आणि दोन-चार त्यांना वाटणाऱ्या तुमच्या भीतीचे.

तुम्ही विचाराल, मग सांगायचं कधीच नाही का? असं मी म्हणत नाही. तोंडात बरा न होणारा पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तोंड पूर्वीइतकं उघडत नसलं, बीपी 180 च्या वर असला, तर तिथे गोड गोड प्रश्न विचारत बसायचं नाही. स्वच्छ सांगायचं आणि पुढे पाठवायचं. गरोदर बाई मिश्री लावत असेल तरी सांगायचं. मुंबईत 1217 गरोदर बायकांच्या पाहणीत, 2004 साली ती प्रसिद्ध झाली, असा तंबाखू घेणाऱ्यांची बाळं सरासरी 105 ग्रॅमने हलकी भरली. त्या बायकांत मिश्रीच जास्त होती. फक्त सांगण्याआधी दोन शब्द घाला, “एक सांगू का?” पेशंटने ‘सांगा की’ म्हटलं, की तुमचं बोलणं त्याने मागून घेतलेलं असतं. मागून घेतलेलं आणि माथी मारलेलं यात किती फरक असतो ते कुठल्याही सुनेला विचारा. सांगून झाल्यावर पुन्हा विचारा, “तुम्हाला काय वाटतं याच्यावर?”

आता तुमचे बापू. त्यांचं वाचून मला हसू आलं. अहो, जो माणूस आळंदी ते पंढरपूर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर चालतो, त्याला तुम्ही ‘रोज अर्धा तास चाला’ म्हणून शिकवताय! बापूंना चालता येतं. त्यांना कारण नाही. वारीत दिंडी असते, ठरलेला मुक्काम असतो, शेजारी बोलायला माणूस असतो, आणि समोर विठोबा असतो. स्टँडकडे चालत जाण्यात यातलं काय आहे? धूळ.

या एका बाबतीत आपल्याला इतकं लांब मिलरकडे जायची गरज नव्हती असं मला नेहमी वाटतं. गावात माळ घातलेली माणसं बघा. काल-परवापर्यंत दारू-मटणात असलेला माणूस तुळशीची माळ घालतो आणि वर्षानुवर्षं शिवत नाही. कुठलाही आहारतज्ज्ञ असा निकाल देऊ शकत नाही. तिथे घडतं काय? एक, माळ त्याने स्वतः घातलेली असते, त्याच्या गळ्यात कुणी अडकवत नाही. दिवस ठरलेला असतो. चार माणसं साक्षीला असतात. गळ्यात खूण दिसते, त्यामुळे आग्रह करणारेही थांबतात, ‘माळकरी हायेत ते’ म्हणून. आणि जे सोडलं त्याच्या जागी काहीतरी येतं, हरिपाठ, भजन, सोबत. आपण लोकांकडून नुसतं काढून घेतो. साखर काढ, मीठ काढ, तंबाखू काढ. जागा रिकामी ठेवतो आणि मग ती जुन्याच गोष्टीने भरली म्हणून चिडतो.

याचा अर्थ दवाखान्यात शपथा द्यायला लागा असा अजिबात नाही. मी एका उत्साही सहकाऱ्याला पेशंटकडून देवाच्या फोटोसमोर शपथा घेववताना पाहिलंय. शपथ मोडली की माणूस लाजेने दवाखान्याचं तोंड बघत नाही. म्हणजे व्यसनही राहतं आणि औषधही जातं.

बापूंना मात्र असं विचारून बघा, “बापू, वारीत शुगर कशी असते?” तपासून द्या हवं तर, वारीच्या आधी आणि नंतर. त्यांचाच आकडा त्यांना दिसू द्या. मग, “वारी संपल्यावर चालायचं कुठं बरं पडेल?” उत्तर त्यांचं त्यांनाच शोधू द्या. ते कदाचित म्हणतील, पहाटे काकड्याला मारुतीच्या देवळात जाईन चालत. जाऊ द्या. देऊळ दहा मिनिटांवर आहे, तीस मिनिटं होत नाहीत, असा हिशोब त्या दिवशी काढू नका. पुढच्या महिन्यात काढा.

वारीचा विषय निघालाच आहे तर तुम्ही नर्स म्हणून दोन गोष्टी पक्क्या बघा. बापूंच्या गोळ्यांत ग्लिमेपिराइडसारखी गोळी आहे का? असेल तर दिवसभराची चाल किंवा एकादशीचा निरंकार उपवास यांनी साखर एकदम खाली येऊ शकते. आषाढीच्या आधी वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलून डोस ठरवून घ्या आणि खिशात साखरेची पुडी ठेवायला सांगा. दुसरं, पाय. शुगरने पायाची जाणीव बोथट झालेली असली तर फोड आलेला कळत नाही, आणि काही जण तर वारी अनवाणी करतात. रोज मुक्कामाला पाय धुताना तळवे बघायचे. हे काम दिंडीतल्या कुणाकडे तरी सोपवून द्या. ‘वारीला जाऊ नका’ एवढं मात्र म्हणू नका. म्हणालात तर बापूही मागच्या वाटेने जायला लागतील.

काकांचं प्रकरण सोपं आहे. त्यांना कुणी सांगितलंच नसावं, की बीपी नॉर्मल आला तो गोळीमुळे. ताप उतरला की क्रोसिन बंद करतो तसंच ते करताहेत, यात मूर्खपणा काही नाही. शेतकऱ्याला बांधाचं सांगा. बांध घातला म्हणून माती थांबली, माती थांबली म्हणून कुणी बांध उकरत नाही. मग त्यांनाच म्हणा, “घरी गेल्यावर काकूंना हे कसं सांगाल, मला सांगून दाखवा.” त्यांच्या तोंडून उलटं आलं तर तुमचं सांगणं कमी पडलं, त्यांचं ऐकणं नव्हे. आणि गोळ्या थांबवण्यामागे गोळ्यांची ‘सवय लागते’ ही भीती आहे, पायाला सूज येते, की मधल्या महिन्यात तुमच्याच कपाटात गोळ्या नव्हत्या, हेही बघा. सगळं खापर पेशंटच्या डोक्यावर फोडू नये. केंद्राचा बीपी नियंत्रणाचा कार्यक्रम 2017 च्या अखेरीस सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रातून सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे पहिल्या फेरीत घेतले होते. त्यात भर होता तो ठरलेल्या थोड्या गोळ्या, त्या घराजवळ आणि पुरेशा दिवसांच्या मिळणं, आणि जो आला नाही त्याचा माग काढणं यावर. म्हणजे सवय आधी व्यवस्थेला लावायची, मग माणसाला.

मिठाचं तुम्ही कुणाला सांगता? पेशंटला. स्वयंपाक कोण करतं? काकांना ‘मीठ कमी खा’ सांगणं म्हणजे एसटीतल्या प्रवाशाला ‘गाडी हळू चालवा’ सांगण्यासारखं आहे. काकूंना बोलवा, आणि ग्रॅमच्या भाषेत बोलू नका. “मिठाचा किलोचा पुडा किती दिवस जातो?” एवढंच विचारा. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला 5 ग्रॅमच्या आत म्हणते. पाच माणसांच्या घराला त्या हिशोबाने पुडा चाळीस दिवस जायला हवा. लोणच्याला आणि जनावरांना घातलेलं वेगळं काढा. काकू म्हणाल्या ‘वीस दिस’, तर माणशी 10 ग्रॅम झालं, हा हिशोब त्या तुमच्यापेक्षा लवकर करतील. मग पुडा उघडताना त्यावर पेनाने तारीख घालायची. वीसाचे तेवीस दिवस झाले तरी त्या स्वतः सांगत येतील. ठेचा बंद करा म्हणू नका हो. दुष्काळी गावात भाकरीबरोबर खायला पुष्कळदा दुसरं असतं काय?

आणि माणसं घसरणारच. आत्या आठ दिवस दुपारची मिश्री टाळतील आणि नवव्या दिवशी घरात भांडण झालं की तिप्पट लावतील. तेव्हा ‘बघा, मी सांगितलं होतं’ हे वाक्य गिळायचं. त्याऐवजी, “आठ दिवस कसं जमवलंत?” व्हॉट्सअॅपवर 21 दिवसांत सवय लागते असं फिरतं, ते खरं नाही. लंडनमध्ये 96 जणांवर नवी सवय अंगवळणी पडण्याचा अभ्यास झाला, 2010 साली तो छापून आला. मधला आकडा निघाला 66 दिवस, पण कुणाचं 18 दिवसांत जमलं तर कुणाला 254 लागतील असा अंदाज निघाला. आणि मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नव्हतं. मला यातलं हे शेवटचं सगळ्यात मोलाचं वाटतं. ते पेशंटला जरूर सांगा.

तुम्ही म्हणाल, बाई निवृत्त आहेत, यांना वेळ आहे. दोनशे पेशंट, त्यात लसीकरण, पोर्टलवर नोंदी, नेट नाही, आणि मी काय दहा आकडे मोजत बसू? रास्त आहे. म्हणून सगळं सगळ्यांना करू नका. एका पेशंटला एका भेटीत एकच गोष्ट, आणि ती त्याने निवडलेली. याने वेळ वाढत नाही, उलट वाचतो. आत्ता तुम्ही चार उपदेश करता, त्यात तीन मिनिटं जातात आणि हाती काही लागत नाही. 1984 साली अमेरिकेत दोघा संशोधकांनी डॉक्टर-पेशंटच्या 74 भेटी ध्वनिमुद्रित करून तपासल्या, तर पेशंटने बोलायला सुरुवात केल्यापासून सरासरी अठराव्या सेकंदाला डॉक्टर मध्येच बोललेला होता. मी माझ्या बाह्यरुग्ण विभागात गुपचूप घड्याळ लावून पाहिलं होतं. माझा आकडा इथे सांगत नाही.

मधला पाठपुरावा आशाताईंवर सोपवा, पण त्यांनाही हा उपदेशाचा रोग लावू नका. जामखेडला 1970 मध्ये काम सुरू केलेल्या रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने खेड्यातल्या, बऱ्याचशा निरक्षर बायकांनाच आरोग्याचं काम शिकवलं. त्यांचं ऐकलं गेलं, कारण त्या त्याच गल्लीत राहत होत्या, त्याच विहिरीवर पाणी भरत होत्या. फोनही चालतो. दक्षिण भारतात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या 537 पुरुषांपैकी निम्म्यांना दोन वर्षं मोबाइल संदेश पाठवले. ज्यांना संदेश मिळाले त्यांच्यात मधुमेह झाला 18 टक्क्यांना, बाकीच्यांत 27. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या गटाचं काम आहे हे, 2013 चं. आठवण ठेवणारं कुणीतरी आहे, एवढ्याने फरक पडतो.

तुमचा शेवटचा प्रश्न, या लोकांना बदलायचंच नाहीये का. काहींना नाही. ते मान्य करून टाका, छाती हलकी होते. 1979 साली लंडनमधल्या 28 डॉक्टरांनी सिगारेट ओढणाऱ्या पेशंटना एक-दोन मिनिटं सल्ला दिला, पत्रक दिलं आणि पुन्हा विचारू असं सांगितलं. वर्षभरानंतर सुटलेले होते 5.1 टक्के. म्हणजे वीसात एक. आता तुम्ही म्हणाल, एवढंच? पण ज्यांना कुणी काहीच विचारलं नव्हतं त्यांच्यात हा आकडा 0.3 होता. सिगारेट आणि मिश्री एक नव्हे, लंडन आणि माणदेश तर नव्हेच, पण मोजायचं कसं ते यातून शिकण्यासारखं आहे. एकोणीस जणांनी ऐकलं नाही म्हणून तुम्ही रोज रात्री उपाशीपोटी झोपत असाल, तर विसावा माणूस तुमच्या मोजणीत येतच नाहीये. एक जुनी वही काढा. रजिस्टर नव्हे, स्वतःची. त्यात फक्त जमलेलं लिहा. काकूंचा मिठाचा पुडा तेवीस दिवस गेला, असं.

आणि आता आत्या. त्यांना निरोप धाडू नका, आशाताईंच्या हाती गोळ्याही पाठवू नका. या वेळी गोळ्या घेऊन तुम्हीच जा, दुपारची भांडी झाल्यावर. सुनेसमोर म्हणा, “आत्या, त्या दिवशी चारचौघांत बोलले, चुकलं माझं.” त्या ‘ऱ्हाऊ द्या वो मॅडम’ म्हणतील आणि चहा ठेवतील. साखरेचाच असेल, प्या. मिश्रीचा विषय तुम्ही काढायचा नाही. बीपीचं यंत्र पिशवीतच राहू द्या. त्यांनी स्वतःहून हात पुढे केला तर काढा, नाही केला तर तसंच परत घेऊन या, आणि महिन्याभराने पुन्हा जा. काय झालं ते मला कळवा.